सलूनच्या टीमसाठी अ‍ॅप वापरताय? या चुका टाळा

सलून तीन खुर्च्यांचं असो की दोन मजली, घोळ तेच असतात. मी पुणे-नाशिककडच्या सलूनमध्ये स्टाफचं ट्रेनिंग घेते. जाते कलर आणि कटिंग शिकवायला, पण बराचसा वेळ अपॉइंटमेंटचे वाद सोडवण्यात जातो. मालकीणबाईंनी सॉफ्टवेअर घेतलेलं असतं, काउंटरवर टॅब्लेट असतो, व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप असतो, आणि तरीही शनिवारी संध्याकाळी सगळे वहीवर वाकलेले असतात. विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘आमच्या मुलींना ते जमत नाही.’

मुलींना उत्तम जमतं. त्याच मुली घरी वीजबिल यूपीआयने भरतात, स्वतःचे रील्स स्वतः एडिट करतात. कोणती गोष्ट कुठे लिहायची आणि ती कोणी लिहायची, हे कुणी ठरवूनच दिलेलं नसतं, म्हणून गाडं अडतं. ते ठरवायला एक निवांत दुपार लागते. ती दुपार द्यायची कुणाची तयारी नसते, सॉफ्टवेअरचे पैसे द्यायची मात्र असते.

सगळं एकाच ग्रुपवर टाकणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. एका सलूनमध्ये ऐन लग्नसराईत काय झालं ते सांगते. मॅडमनी रात्री ग्रुपवर टाकलं: ‘उद्या ६ ला ब्रायडल, हॉलवर जायचं आहे. मेकअप, हेअर, नऊवारी. कोण जाणार?’ खाली पत्ता. त्यावर तिघींनी अंगठा दिला. मग कुणीतरी वॅक्स संपल्याचा फोटो टाकला, एकीचा वाढदिवस होता म्हणून केकचे फोटो आले, आणि तो मेसेज वर निघून गेला.

अंगठा देणाऱ्या तिघींपैकी एकीला म्हणायचं होतं, ‘वाचलं’. दुसरीला वाटलं, सीनियर ताई जाणार, आपण मदतीला लागलो तर बोलावतील. आणि सीनियर ताईंनी ६ म्हणजे संध्याकाळचे ६ असं धरलं, कारण त्यांच्या मते सकाळचं काम असतं तर मॅडमनी फोन केला असता. सकाळी साडेसहाला नवरीच्या मावशीचा फोन आला. धावतपळत दोघी पोहोचल्या तेव्हा पावणेआठ झाले होते आणि मुहूर्त सकाळचाच होता. नऊवारी नीट नेसवायची, अंबाडा घालायचा, गजरे माळायचे, मुंडावळ्या बसतील अशी जागा ठेवायची, हे घाईत होत नाही. मुलगी बोहल्यावर उभी राहिली ती निऱ्या सावरत. मॅडमना पैसे परत करावे लागले, मुलींची आपापसांत भांडणं झाली, आणि पुढच्याच महिन्यात सीनियर ताई दुसऱ्या सलूनला गेल्या. ज्या मुलीच्या लग्नात हे झालं तिला तो दिवस परत मिळणार नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून मी जिथे जाते तिथे पहिला नियम हाच लावते: ग्रुपवर ‘कोण जाणार?’ विचारायचं नाही. एकीला नाव घेऊन विचारायचं आणि मग कळवायचं. जिच्या नावावर काम आहे तिने अंगठा द्यायचा नाही, स्वतःच्या शब्दांत परत लिहायचं: ‘मी जाते, सकाळी ६ वाजता, किट माझ्याकडे आहे.’ हे लिहिताना तिचं तिलाच कळतं की किट आपल्याकडे नाही.

ग्रुप दोन ठेवा. एक कामाच्या सूचनांचा, ज्यात फक्त अ‍ॅडमिनच मेसेज टाकू शकतील अशी सेटिंग असते ती चालू करा. त्यातलं परत लिहिणं त्या व्यक्तीने अ‍ॅडमिनला थेट पाठवावं. दुसरा ग्रुप बाकी सगळ्याचा, वाढदिवसांसकट. गप्पांचा ग्रुप बंद करायचा सल्ला काही जण देतात, तो मला अजिबात पटत नाही. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या मुलींना हसायला जागा हवीच. दुसऱ्या दिवशीचं वेळापत्रक सूचनांच्या ग्रुपमध्ये २४ तासांसाठी पिन करून ठेवायचं, म्हणजे शोधाशोध होत नाही.

वेळ लिहिताना ‘सकाळी’ किंवा ‘संध्याकाळी’ लिहिल्याशिवाय मेसेज पाठवू नका. आणि ‘पावणेआठ’, ‘अडीच’ असं न लिहिता ७:४५, २:३० लिहा. आपल्याकडे स्टाफमध्ये मणिपूर, आसाम, उत्तर प्रदेशातली मुलं-मुली असतात, त्यांचा यात दर वेळी गोंधळ होतो आणि बिचारे विचारायला लाजतात.

कलरचा फॉर्म्युला स्टायलिस्टच्या फोनमध्ये

दुसरी चूक, आणि हिच्याबद्दल बोलताना माझा आवाज चढतो. क्लायंट सलूनची असते, पण तिचा फॉर्म्युला, म्हणजे कोणते शेड किती मिसळायचे ते, राहतो एका मुलीच्या डोक्यात. ती मुलगी गणपतीला गावी गेली की खुर्चीत बसलेल्या क्लायंटसमोर फोनाफोनी सुरू.

एका ठिकाणी माझ्यासमोरच झालं. रूट टचअपला, म्हणजे मुळाशी उगवलेले केस रंगवायला, नेहमीची क्लायंट आली, केस निम्म्याहून जास्त पांढरे. ट्रेनमध्ये बसलेल्या स्टायलिस्टने उत्तर पाठवलं: ‘६ आणि ६.३, २०.’ तिला म्हणायचं होतं, ६ नंबर (नॅचरल शेड) ४० ग्रॅम, ६.३ (सोनेरी टोनचा शेड) फक्त २० ग्रॅम, आणि डेव्हलपर (रंगात मिसळायचं पेरॉक्साइड) नेहमीचाच. नव्या मुलीने वाचलं, दोन्ही शेड निम्मे-निम्मे आणि डेव्हलपरची ताकद २० व्हॉल्यूम. पांढऱ्या केसांवर नॅचरल शेडचं प्रमाण कमी झालं की सोनेरी टोन जास्त उघडा पडतो. धुतल्यावर मुळाशी सोनेरी पट्टा आणि खाली जुना तपकिरी. क्लायंट काही बोलली नाही, फक्त आरशात बघत राहिली. दुरुस्त करायला पुन्हा वेळ गेला तो गेलाच.

क्लायंटच्या नोंदीत हे असलंच पाहिजे: तारीख, कंपनी आणि रेंज, प्रत्येक शेड किती ग्रॅम, डेव्हलपर, मिसळण्याचं प्रमाण, मुळांना किती मिनिटं आणि लांबीला किती, आणि धुतल्यावर कसा दिसला. डेव्हलपर टक्क्यांत लिहायचा की व्हॉल्यूममध्ये, हे एकदाच ठरवा. २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. मी टक्केच लिहायला लावते, कारण मग नुसता ‘२०’ हा आकडा ग्रॅमशिवाय दुसरं काही असूच शकत नाही. आणि ‘नेहमीचं’ हा शब्द नोंदीत दिसला तर ती नोंद अपुरी समजा.

कधी लिहायचं, यावर सगळं अडतं. हातमोजे चढले की फोनला कुणी हात लावत नाही, आणि क्लायंट गेल्यावर ‘नंतर लिहिते’ म्हणणारी मुलगी लिहीत नाही, हे मी पुष्कळ पाहिलंय. म्हणून माझी सवय अशी: बाऊल ट्रॉलीवरून उचलायच्या आधी फॉर्म्युला लिहून झालेला असतो. वजनकाट्यावर मिसळत असतानाच हेल्पर टाइप करते. नोंद झाली नसेल तर बाऊल जागचा हलत नाही. नवीन मुलींना हे फार वेळखाऊ वाटतं. त्यांना दुसऱ्या दिवसापासून बालायाज, म्हणजे हाताने रंगाच्या छटा काढायचं काम, करायचं असतं. मी त्यांना पहिला महिनाभर नोंदीच करायला लावते, आणि ज्या टिकतात त्या पुढे चांगल्या कलरिस्ट होतात.

पॅच टेस्टची, म्हणजे थोडासा रंग त्वचेवर लावून अ‍ॅलर्जी बघायची, तारीखही तिथेच. कलरच्या ४८ तास आधी टेस्ट करायची, तर कॅलेंडरमध्ये कलरची अपॉइंटमेंट टाकताना त्याच वेळी दोन दिवस आधीची टेस्टही टाका. डायमधल्या पीपीडी या रसायनाची अ‍ॅलर्जी किती वाईट सुजवते हे ज्यांनी पाहिलंय ते हे टाळत नाहीत. मात्र कुणाची अ‍ॅलर्जी, कुणाची औषधं, हे ग्रुपवर कधीही लिहू नका. त्याची जागा क्लायंटच्या नोंदीतच.

कॅलेंडरमध्ये माणसं आहेत, बेसिन नाही

सॉफ्टवेअर दाखवतं की कलर लावून झाल्यावर अर्धा-पाऊण तास स्टायलिस्ट मोकळी आहे. रिसेप्शनवाली मध्ये एक हेअरकट बसवते. बरोबरच आहे. पण सलूनमध्ये बेसिन दोन आणि साडेसहाला तीन जणींचा कलर एकदम धुवायला येतो, तेव्हा तिसरीचा कलर केसांवर तसाच राहतो. कलर थांबत नाही. म्हणून बेसिनलाही माणसासारखं वेळापत्रक द्या. सॉफ्टवेअरमध्ये सोय नसेल तर गूगल कॅलेंडरमध्ये ‘बेसिन १’, ‘बेसिन २’ अशी वेगळी कॅलेंडरं काढा. केस मऊ-सरळ करायच्या केराटिनसारखं तासन्‌तास चालणारं काम असेल त्या दिवशी तर हे हवंच.

बाकीच्या चुका, थोडक्यात

वही आणि अ‍ॅप दोन्ही चालवणं. वही फक्त लाइट गेल्यावर, आणि शटर ओढायच्या आत ती अ‍ॅपमध्ये उतरवायची.

सगळ्यांना एकच लॉगिन. अपॉइंटमेंट कुणी उडवली हे मग कधीच कळत नाही आणि संशय सगळ्यात नवीन मुलीवर जातो.

कामाच्या ग्रुपवर आपोआप नाहीसे होणारे मेसेज चालू असणं. सेटिंगमध्ये जाऊन आजच बघा.

बिझनेस व्हॉट्सअ‍ॅप मालकिणीच्या स्वतःच्या नंबरवर. सलूनचं वेगळं सिम घ्या, फोन काउंटरवरच राहू द्या. त्याला आणखी चार डिव्हाइस जोडता येतात, पण मूळ फोन १४ दिवस वापरलाच नाही तर ती आपोआप लॉगआउट होतात.

व्हॉइस नोटवर सूचना. ड्रायर चालू असताना कुणी ऐकत नाही.

क्लायंटला न विचारता बिफोर-आफ्टर फोटो टाकणं. खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला. पण कायदा नसता तरी विचारलंच पाहिजे. होकार लेखी घ्या आणि नोंदीत ठेवा.

ग्रुपवर रागावणं. हे मात्र एका ओळीत सोडवत नाही. एकीचा उशीर, एकीची चूक, कमी टार्गेट, हे सगळ्यांसमोर लिहिणाऱ्या मालकिणी मला भेटतात. तोंडी बोललेलं विरतं, लिहिलेलं ती मुलगी रात्री घरी पुन्हा पुन्हा वाचते. दुसऱ्या दिवसापासून ती चूक लपवायला शिकते, आणि चुका लपवणाऱ्या टीमला जगातलं कोणतंही सॉफ्टवेअर सांभाळू शकत नाही. बाजूला घेऊन बोला, दार लावून.

तुळशीच्या लग्नानंतर नवीन सॉफ्टवेअर सुरू करणं. लग्नाच्या तारखा सुरू झाल्या की शिकायला कुणाला फुरसत नसते. पितृपक्षात सलून जरा रिकामं असतं, तेव्हा करा. आणि एका वेळी एकच गोष्ट: आधी फक्त अपॉइंटमेंट, ती अंगवळणी पडली की क्लायंटच्या नोंदी, मग स्टॉक. पहिल्याच आठवड्यात बिलिंग, पगार, कमिशन, लॉयल्टी पॉइंट सगळं चालू करणाऱ्यांना मी आधीच सांगते की थांबा.

सॉफ्टवेअर विकत घेण्यापूर्वी ट्रायलमध्ये चार खोट्या क्लायंट भरा आणि विकणाऱ्याला म्हणा, ही यादी नोंदींसकट एक्सेलमध्ये काढून दाखवा. तो टाळाटाळ करू लागला तर घेऊ नका.