ज्ञानेश्वरी अर्ध्यावर का सुटते? जुने मराठी ग्रंथ वाचताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या कितीतरी घरांत देवघरापाशी कापडात बांधलेली ज्ञानेश्वरी असते. सप्ताहात ती बाहेर निघते, पारायण होते, पुन्हा बांधली जाते. पण एखाद्या संध्याकाळी तीच पोथी अर्थासाठी उघडून बसलेला माणूस बहुधा पहिल्या अध्यायातच थांबतो. मग तो म्हणतो, 'हे आपल्या डोक्यावरचं आहे.' तसे नसते. बुद्धी कमी पडत नाही, सुरुवात चुकते. आणि ज्या चुकांमुळे वाचन सुटते त्या मोजक्याच असून त्यांवर उपाय आहे.

पारायणाच्या वेगाने अर्थ वाचणे

प्रचलित प्रतींत ज्ञानेश्वरीच्या सुमारे ९,००० ओव्या आहेत. सात दिवसांच्या पारायणात रोज जवळपास १,२९० ओव्या होतात. त्या वेगाला स्वतःचे मोल आहे. नाद कानात बसतो, सगळा ग्रंथ एकदा डोळ्यांखालून जातो. अर्थ मात्र त्या वेगाने लागत नाही, लागण्यासारखाही नाही. अर्थासाठी बसायचे तर दिवसाला १५ ते २० ओव्या पुरेत. वीस ओव्यांच्या हिशोबाने सगळा ग्रंथ सव्वा वर्षात होतो. हे ऐकून घाबरायला होते, म्हणून पहिल्या अध्यायापासून सुरुवात करूच नका.

आधी पसायदान घ्या. नऊच ओव्या आहेत आणि पाठ असतातच. त्यावर एक आठवडा द्या. मग बारावा अध्याय. तो २४७ ओव्यांचा आहे, दोन आठवड्यांत होतो, आणि भक्त कसा असतो हा त्यातला विषय कुणालाही परका नाही. त्यानंतर नववा. अठरावा मात्र शेवटीच, कारण एकट्या त्याच्याच १,८०० च्या वर ओव्या आहेत, म्हणजे ग्रंथाचा पाचवा हिस्सा.

जुन्या मराठीला कधीच हात लावला नसेल तर त्याही आधी दासबोध घ्या. २० दशक, प्रत्येकात १० समास. रोज एक समास मोठ्याने वाचायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. पहिल्या दशकाऐवजी दुसऱ्यातल्या पहिल्या समासापासून, मूर्खलक्षणापासून लागा. मुलांनाही तो आवडतो. त्याच दशकाचा दहावा समास पढतमूर्खाचा आहे. तो मोठ्यांनी वाचावा.

ओळखीच्या शब्दाचा आजचा अर्थ धरणे

ही सर्वांत मोठी चूक आहे. अनोळखी शब्द अडवतो, तेव्हा आपण कोश तरी उघडतो. ओळखीचा शब्द अडवत नाही, सरळ चुकीच्या वाटेला लावतो. पसायदानच बघू:

आतां विश्वात्मकें देवें । येणें वाग्यज्ञें तोषावें ।
तोषोनि मज द्यावें । पसायदान हें ॥

'देवें' म्हणजे देवाने. 'येणें' हे 'येणे-जाणे' यातले येणे नव्हे. ते 'याने' आहे, म्हणजे या वाग्यज्ञाने, शब्दांच्या यज्ञाने. नामाच्या किंवा सर्वनामाच्या शेवटी 'ए'च्या मात्रेवर अनुस्वार दिसला की पुष्कळदा तिथे आजचा 'ने' लपलेला असतो; 'द्यावें', 'हें' यांत मात्र तो नाही. 'पसाय' म्हणजे प्रसाद. 'जे खळांची व्यंकटी सांडो' इथे 'सांडो' म्हणजे सुटो, आणि 'व्यंकटी' म्हणजे वाकडेपणा. खळांचा नाश व्हावा असे मागणे इथे नाही, त्यांचा वाकडेपणा जावा असे आहे. एका शब्दात सगळी प्रार्थना बदलते. पुढच्या ओळीतल्या 'भूतां'चा भुताखेतांशी संबंध नाही. प्राणिमात्रांना, असा त्याचा अर्थ. 'पडो' म्हणजे घडो. 'जो जें वांछील तो तें लाहो' यातला 'लाहो' म्हणजे मिळवो.

सर्वांत फसवी ओळ 'चला कल्पतरूंचे आरव' ही. गाताना वाटते की 'चला' म्हणजे चला, निघू या. प्रत्यक्षात ते विशेषण आहे, म्हणजे चालणारे. 'आरव' म्हणजे आवाज नव्हे, तर बाग, उपवन. ज्या संतांची मांदियाळी भेटावी असे मागितले आहे, ते संत म्हणजे चालत्या कल्पतरूंच्या बागा. त्यामागोमाग चेतन चिंतामणींची गावे आणि अमृताचे बोलते समुद्र येतात. झाड चालते, रत्न सजीव होते, समुद्र बोलतो. 'चला' चुकले की हा सगळा डौल हातचा जातो.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर एवढी रूपे लिहून ठेवा: 'तोषोनि' म्हणजे तोषून, 'अमृतातें' म्हणजे अमृताला, 'दीजे', 'होइजे' म्हणजे द्यावे, व्हावे, 'भेटतु' म्हणजे भेटो, 'सत्कर्मीं' म्हणजे सत्कर्मात, 'म्हणौनि' म्हणजे म्हणून, 'जंव-तंव' म्हणजे जोवर-तोवर. आणि 'कां' म्हणजे बहुतेक ठिकाणी किंवा. प्रश्नातला 'का' समजून वाचलात तर ओवी उलटीपालटी होते. अशी वीस-पंचवीस रूपे अंगवळणी पडली की निम्मी अडचण संपते.

दृष्टांतांच्या रांगेत हरवणे

ज्ञानदेव एक दृष्टांत देऊन थांबत नाहीत. 'जैसें' म्हणून पहिला येतो, 'कां' म्हणून दुसरा, 'नातरी' म्हणून तिसरा. सहाव्या-सातव्या ओवीला वाचक विसरतो की मुद्दा काय होता. उपाय साधा आहे. अडलात की पुढे 'तैसा', 'तैसी', 'तैसें' कुठे येते ते बोटाने शोधा. मुद्दा तिथे असतो. तो आधी वाचा, मग मागे येऊन एकेक दृष्टांत त्याला लावून बघा. प्रत्येक दृष्टांत मुद्द्याचा वेगळा पैलू दाखवतो. तेच ते पुन्हा सांगितलेले नसते. कुठला दृष्टांत काय नवे सांगतो हे पानाच्या कडेच्या कोऱ्या समासात दोन शब्दांत लिहिले की तो भाग कायमचा आपला होतो.

फलकावरची किंवा मोबाइलवर आलेली ओवी खरी मानणे

उदाहरण सर्वांच्या ओळखीचे आहे. 'माझ्या मराठीची बोलू कौतुके' असे छापलेले किती ठिकाणी दिसते! सहाव्या अध्यायातली मूळ ओवी अशी:

माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजासीं जिंके ।
ऐसीं अक्षरें रसिकें । मेळवीन ॥

इथे मराठीचे कौतुक बोलू या असे कुणी म्हणत नाही. 'माझा बोल मराठीच आहे, पण अमृतालाही पैजेने जिंकेल अशी रसाळ अक्षरे मी जुळवीन' अशी ही प्रतिज्ञा आहे. कौतुक करणे सोपे, प्रतिज्ञा निभावणे अवघड. सीमाभागात या ओळीचे मोल वेगळे सांगायला नको. १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, आणि आजही कडोली, उचगाव, येळ्ळूरसारख्या गावांतून मराठी साहित्य संमेलने भरतात. तिथल्या फलकावर ही ओवी तरी अचूक असायला हवी.

पाठ बिघडण्याची काळजी नवी नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी बजावले: 'ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥' नरोटी म्हणजे करवंटी.

प्रत घेताना तीन गोष्टी बघा. अनुस्वार छापलेले आहेत का? ते गाळलेल्या प्रतीत 'देवें' आणि 'देवे' यांतला फरक दिसत नाही. ओव्यांना क्रमांक आहेत का? आणि मूळ ओवी व अर्थ वेगळे छापले आहेत का? पाठभेद दिसला तर बिचकू नका. नवव्या अध्यायाची पहिलीच ओवी काही प्रतींत 'अवधान एकलें दीजे' अशी, तर काहींत 'अवधान एकवेळें दीजे' अशी मिळते. दोन्ही वहीत लिहा. तुकोबांच्या गाथेत तर अभंगांचे क्रमांकच प्रतीगणिक बदलतात. त्यामुळे नोंद करताना क्रमांकाऐवजी अभंगाची पहिली ओळ लिहावी.

आधी अर्थ, मग ओवी

सार्थ प्रत हाताशी असली की डोळा आपोआप खालच्या गद्याकडे जातो. सहा महिन्यांनी लक्षात येते की आपण ज्ञानेश्वरी वाचलीच नाही, तिचा सारांश वाचला. जाड पुठ्ठ्याची एक पट्टी कापा आणि अर्थ झाका. ओवी दोनदा मोठ्याने वाचा. मग क्रियापद शोधा, कर्ता शोधा, गद्यात शब्द जसे येतील तसे लावा. शाळेत संस्कृतच्या तासाला अन्वय लावायचो, तेच हे. स्वतःचा अर्थ एका ओळीत लिहा, चुकला तरी चालेल. त्यानंतरच पट्टी काढा. आपण लिहिलेले आणि छापलेले यांत फरक पडला तर तो नेमका कोणत्या शब्दाने पडला, हे शोधणे म्हणजेच खरे शिक्षण. एका ओवीला सुरुवातीला पाच मिनिटे लागतात, महिन्याभरात दीडवर येतात.

शब्द अडला तर मोल्सवर्थचा कोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश, हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. अर्थ इंग्रजीत आहेत, इंग्रजी माध्यमातल्या मुलांना ते उलट सोयीचे जाते. शोधताना 'तोषोनि' टाकून काही सापडणार नाही. मूळ धातू 'तोषणें' असा टाका.

मनात वाचणे

ओवी आणि अभंग कानासाठी घडलेले आहेत. मोठ्या अभंगात चार चरण असतात, त्यांत ६, ६, ६ आणि ४ अक्षरे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. 'सुंदर तें ध्यान । उभें विटेवरी । कर कटावरी । ठेवोनियां' हे बोटांवर मोजून बघा. अक्षर कमी भरले तर छपाई तरी चुकली आहे किंवा आपले वाचन तरी. मात्र मोजताना प्रत्येक अक्षर पूर्ण धरायचे: सुं-द-र. बोलताना आपण 'सुंदर्' म्हणतो, तिथेच गणित चुकते. कन्नड माध्यमात शिकणाऱ्या आपल्या मुलांना हे लवकर साधते, कारण कन्नडमध्ये शेवटचा 'अ' पूर्ण उच्चारायची सवय त्यांना असते. त्यांचे देवनागरी वाचन सुरुवातीला अडखळते हे खरे. त्यांना आजीसमोर बसवावे. भजनात बसणाऱ्या आजीला अभंग तोंडपाठ असतात. नातवाने बघून वाचावे, तिने नुसते ऐकावे आणि चुकले तिथे थांबवावे. रोज एक अभंग पुरे.

ज्ञानेश्वरीच्या ओवीला हे अक्षरांचे मोजमाप लावू नका. तिथे पहिल्या तीन चरणांचे यमक आणि आखूड चौथा चरण एवढेच बघायचे.

पाठांतराला घोकंपट्टी म्हणून हिणवणे हीदेखील चूकच. आठवड्याला दोन ओव्या पाठ करा. पाठ असलेल्या ओवीचा अर्थ कधीकधी चालताना, काम करताना अचानक उलगडतो. न आठवणाऱ्या ओवीचा उलगडत नाही.

वाचनाचा गट प्रवचनाच्या वाटेला जाणे

गावात गट करायचा तर सहा ते आठ माणसे, दीड तास, एकच उतारा. पहिली चाळीस मिनिटे कुणीही भाष्य करायचे नाही, फक्त शब्द आणि अन्वय. मग प्रत्येकाने एक प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर उताऱ्यातल्या शब्दावर बोट ठेवून द्यावे. जाणकाराने शेवटी बोलावे. तो आधी बोलला की बाकीचे ऐकणारे होतात आणि चौथ्या आठवड्याला गट बंद पडतो.

फक्त संतवाङ्मयच अभिजात समजणे

म्हाइंभटांचे लीळाचरित्र हे तेराव्या शतकातले गद्य आहे, वाक्ये तुटक आणि प्रसंग जिवंत. जोतीराव फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' आणि ताराबाई शिंदे यांची 'स्त्री-पुरुष तुलना' (१८८२) ही दोन्ही वाद घालायला शिकवतात. वाचताना प्रत्येक परिच्छेदाशी 'दावा काय, पुरावा काय' हे लिहावे. 'यमुनापर्यटन' (१८५७) ही कादंबरी लिहिणारे बाबा पदमनजी तर बेळगावात जन्मलेले.

आणि कन्नड वाचता येत असताना बसवण्णांची वचने भाषांतरात वाचणे ही आपल्या भागातली सर्वांत टाळता येण्यासारखी चूक. 'एन्न काले कंब, देहवे देगुल, शिरवे होन्न कळसवय्या': माझे पाय हेच खांब, देह हेच देऊळ, डोके हाच सोन्याचा कळस. कंब आणि खांब, देगुल आणि देऊळ, कळस आणि कळस, तिन्ही शब्द शेजारी उभे आहेत. हे वचन बाराव्या शतकातले, ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. हे वचन आणि 'कानडा ओ विठ्ठलु करनाटकु' हा अभंग लागोपाठ, दोन्ही मूळ भाषेत वाचा. दोन्हींना मिळून एका बैठकीचा दीड तास कमी पडेल. तेव्हा वचन पहिल्या आठवड्याला घ्या, अभंग दुसऱ्या.