मार्केट पडलं की माझी वही आणि मामांची कांदा चाळ

२३ मार्च २०२०, सोमवार. सकाळीच शेअर बाजाराला लोअर सर्किट (बाजार ठरावीक टक्के पडला की व्यवहार थांबवायचा नियम) लागून ट्रेडिंग पाऊण तास बंद पडलं, तेवढ्या वेळात तरी माझं डोकं थंड व्हायला पाहिजे होतं, पण मी सातपूरच्या घरी मोबाइल हातात धरून परत चालू व्हायची वाट बघत बसलो आणि चालू झाल्या झाल्या सगळे शेअर विकून मोकळा झालो. निफ्टी (५० मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक) त्या दिवशी जवळजवळ १३ टक्के पडला. नोव्हेंबरात तो परत जुन्या उंचीवर, आणि माझे पैसे सेव्हिंग खात्यात झोपलेले.

तेव्हापासून वही. साधी शाळेची वही, प्रत्येक कंपनीला एक पान. शेअर घेतानाच लिहायचं, मार्केट बरं असताना, कारण पडझडीत माणूस जे लिहितो ते घाबरून लिहितो. माझं एक पान असं आहे: "का घेतला: कर्ज जवळपास नाही, पाच वर्षं विक्री वाढतेय. कधी विकायचा: कर्ज काढून भलत्याच धंद्यात घुसले तर, प्रमोटरने (म्हणजे कंपनीच्या मुख्य मालकाने) आपले शेअर गहाण टाकले तर, ऑडिटर मध्येच सोडून गेला तर." बघा, यात भाव कुठेच नाहीये.

हे मी शिकलो निफाडच्या मामांकडून. उन्हाळ कांदा चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) भरला की लासलगावला भाव पडला म्हणून मामा चाळ रिकामी करत नाहीत, पण अधूनमधून चाळीत चक्कर मारतात. भाव बघायला नाही, वास घ्यायला. सडका कांदा दिसला की लगेच बाहेर, नाहीतर बाजूचे पण जातात. शेअरचं पण तसंच, नुसतं "धरून ठेवा" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, काही कंपन्या खरंच सडतात आणि परत कधीच वर येत नाहीत. म्हणून दर तिमाहीला रिझल्ट आले (मार्चचे सोडले तर ४५ दिवसांत येतात) की एका रविवारी मिसळ खाऊन आल्यावर वही काढायची, कर्ज बघायचं, शेअरहोल्डिंगमध्ये (कोणाकडे किती शेअर त्याच्या तक्त्यात) प्रमोटरचे गहाण किती ते बघायचं, आणि लिहिलेलं कारण अजून खरं आहे का ते तपासायचं. खरं असेल तर वही बंद. नसेल तर विकायचा, तोट्यात असला तरी. तो तोटा पुढच्या नफ्यातून वजा करता येतो, आठ वर्षं पुढे नेता येतो, फक्त आयकर रिटर्न वेळेत भरा.

अजून एक, सहा महिन्यांचा घरखर्च एफडीत नसेल तर हे सगळं वाचून उपयोग नाही. पोराची फी भरायची असली की चांगला शेअर पण चुकीच्या दिवशी विकावा लागतो. आणि ब्रोकरकडून उधारीवर शेअर घेत असाल तर निर्णय तुमचा राहतच नाही, मार्जिन (त्याच्याकडे ठेवलेलं तारण) कमी पडलं की तोच विकून टाकतो.

आता पडझडीत खरेदी. "अजून पडेल, मग घेऊ" असं म्हणत बसलं की कधीच घेणं होत नाही, म्हणून आकडे आधीच ठरवायचे. मी तीन हप्ते करतो: निफ्टी उच्चांकापासून १० टक्के खाली आला की पहिला, १५ ला दुसरा, २० ला तिसरा. घाई नको, २००८ च्या जानेवारीत सेन्सेक्स (मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक) २१,००० वर होता तो ऑक्टोबरात ८,००० च्या खाली गेला, परत २१,००० बघायला २०१० ची दिवाळी उजाडली. एवढा वेळ जाऊ शकतो हे मनात धरूनच पैसे घाला.

सप्टेंबर २०२४ ला निफ्टी २६,२७७ ला जाऊन उतरायला लागला तेव्हा मी वहीत लिहिलं: २३,६५०, २२,३३५, २१,०२१. पहिले दोन हप्ते लागले, दोन्ही वेळा हात थरथरत होता, खोटं कशाला बोलू. तिसरा लागलाच नाही, एप्रिल २०२५ मध्ये २१,७४३ पर्यंत येऊन निफ्टी माघारी फिरला. ते पैसे एफडीतच पडून आहेत आणि बायको म्हणते, त्यात आता सोफा घेऊ.