लायब्ररीत लढायांची नवी पुस्तकं आलीयत, आधी लढाई निवडा आणि मग पुस्तक

परवा ग्वाल्हेरच्या बाड्यावर काम होतं म्हणून जाता जाता लायब्ररीत डोकावलो तर नवीन पुस्तकांच्या कपाटात दोन अख्खे कप्पे लष्करी इतिहासाचे लागलेले, पानिपत, शिंद्यांच्या पलटणी, सत्तावन्न, दोन्ही महायुद्धं, बासष्ट, एकाहत्तर, सगळंच. इतका आनंद झाला की तासभर तिथेच उभा होतो. पण त्या तासात चार-पाच जण आले, त्यातलं सगळ्यात जाड पुस्तक उचललं, मधली फोटोंची पानं चाळली आणि परत ठेवून गेले. वाईट वाटलं. इच्छा असते हो लोकांना, पण आठशे पानांचं पुस्तक आणि त्यात पहिली शंभर पानं कुठली ब्रिगेड कुणाच्या हाताखाली याचीच, कुठून धरायचं तेच कळत नाही. मी पण बरीच वर्षं असाच अडकायचो म्हणून जे जमलंय ते लिहून ठेवतो, आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी पोरांना तरी उपयोग होईल.

पहिली गोष्ट, पुस्तक निवडू नका, एक लढाई निवडा. शक्यतो अशी की जिथली जागा तुम्ही पाहिलीय किंवा रविवारी गाडी काढून पाहून येऊ शकता. आणि यात आपण खरंच नशीबवान आहोत कारण आपलं शहरच छावणीतून झालंय. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा मुक्काम किल्ल्याच्या दक्षिणेला १८१० च्या सुमारास कायमचा पडला आणि त्याचंच आजचं लश्कर, म्हणजे शहराचा तो भाग, झालं. कंपू म्हणतो आपण ज्या भागाला, तो शब्द शिंद्यांच्या कवायती फौजेच्या ब्रिगेडचा, महादजींनी १७८४ मध्ये दे बॉय्न नावाच्या युरोपातल्या साव्हॉयच्या माणसाला नोकरीवर ठेवलं, सुरुवात दोन पलटणींनी झाली आणि वाढत वाढत त्याचे कंपू झाले. रोज टेंपोवाला "कंपू, कंपू" ओरडतो तेव्हा तो दोनशे वर्षांपूर्वीचा लष्करी शब्द ओरडत असतो, हे एकदा डोक्यात बसलं की त्या जाड पुस्तकाची भीती निम्मी कमी होते.

तर लढाई ठरवा. किल्ल्यावरचा १७८० चा छापा घ्या, १८४३ चं महाराजपूर-पनिहार घ्या, १८५८ चा जून घ्या. महायुद्धाची आवड असेल तर तेही चालेल पण पहिल्यांदा घरचं घ्या, नावं ओळखीची असतात, जीभ अडखळत नाही.

आता पुस्तकं शोधायची कशी. नवीन कपाटावर थांबू नका, ते कपाट दोन महिन्यांनी रिकामं होतं आणि पुस्तकं आत आपापल्या जागी जातात, आणि लष्करी इतिहासाची गंमत ही की तो एका जागी कधीच नसतो. बऱ्याच लायब्ऱ्यांत पुस्तकाच्या पाठीवर ड्यूई पद्धतीचा नंबर असतो. ३५५ म्हणजे युद्धशास्त्र, फौजांची रचना, शस्त्रं. ९५४ म्हणजे भारताचा इतिहास, मराठ्यांच्या बहुतेक लढाया इथेच सापडतात. ९४० च्या पुढे दोन्ही महायुद्धं. ९२० ला चरित्रं, म्हणजे सेनापतींच्या आठवणी तिकडे जाऊ शकतात. आणि मराठी पुस्तकं कितीतरी ठिकाणी भाषेच्या वेगळ्या कपाटात असतात, त्यामुळे मी नेहमी लायब्ररीवाल्या काकांनाच विचारतो, "काका, शिंद्यांच्या फौजेचं काय काय आहे?" असं लढाईचं किंवा माणसाचं नाव घेऊन विचारलं की ते थेट कपाटापाशी नेतात, नुसतं "मिलिटरीचं दाखवा" म्हटलं की महायुद्धाचं एक कपाट दाखवून मोकळे. रेफरन्सचा शिक्का असलेलं घरी मिळत नाही, ते तिथेच बसून वाचायचं, त्यासाठी वही न्या.

एकाच लढाईवर तीन पुस्तकं काढा. एक आताच्या अभ्यासकाचं, एक जुनं, आणि एक त्या वेळी तिथे असलेल्या माणसाचं. तिन्ही पूर्ण वाचायची नाहीत. शेवटची सूची उघडा, लढाईचं नाव शोधा, पानांचे नंबर कागदावर उतरवा, तेवढीच पानं आधी वाचा. आवडलं तर मग मागचं-पुढचं. सूचीच नसलेलं पुस्तक मी पहिल्यांदा वाचणाऱ्याला देणार नाही. नकाशा नसलेलं तर अजिबातच नाही.

नकाशाबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण खरं वाचन तिथेच होतं. मी स्टेशनरीच्या दुकानातून बटर पेपर आणतो, पुस्तकातल्या नकाशावर हलक्या हाताने ठेवतो (पुस्तकावर जोर द्यायचा नाही, खालच्या पानावर वळ उठतात) आणि आधी फक्त नद्या काढतो. गावं नाही, फौजा नाही, फक्त पाणी. मग चढ-उतार. मग गावं. आणि शेवटी लाल-निळ्या पेनने फौजा. असं का, तर जुन्या लढाईत तोफा बैलांनी ओढायच्या असत, त्यामुळे नदीला उतार, म्हणजे ओलांडण्याजोगी उथळ जागा, कुठे आहे यावर अर्धी लढाई ठरायची. असईचंच बघा, २३ सप्टेंबर १८०३, जालना जिल्ह्यातलं गाव, शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजा नदीपलीकडे, वाटाडे म्हणाले इथे उतार नाही. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली, त्याने पाहिलं की नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर दोन गावं आहेत, म्हणजे लोक ये-जा करत असणारच, म्हणजे उतार असणारच, आणि खरंच होता. हे वाक्य वाचून सोडून देता येतं, पण बटर पेपरवर ती नदी आणि ती दोन गावं स्वतःच्या हाताने काढल्यावर अंगावर काटा येतो, कारण कळतं की आपल्या बाजूने त्या उतारावर वेळेवर पुरेसा पहारा नव्हता. तरी शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत, इंग्रजांचे पंधराशेच्या वर मेले आणि जखमी झाले. हरलेल्या लढाईतही आपली माणसं कशी उभी राहिली हे नकाशावरच दिसतं.

नदीचा दुसरा फायदा जागा शोधताना. महाराजपूरची लढाई, २९ डिसेंबर १८४३, हे नाव मॅपवर टाकलंत तर आपल्या एअरफोर्सवाल्या महाराजपुऱ्याकडे जाल, चूक होईल. पुस्तकात चौंदा गाव आणि आसन नदी आहे, ती खूण धरा, म्हणजे मुरैन्याच्या बाजूला सापडेल. गावांची नावं चार-चार ठिकाणी असतात, नदी हलत नाही. त्याच दिवशी दुसरी लढाई झाली पनिहारला, तेच पनिहार जिथे शिवपुरीला जाताना टोल लागतो. मी तिथून किती वेळा गेलो असेन आणि माहितीच नव्हतं.

आता महाराजपूरच्याच उदाहरणाने दोन बाजू कशा वाचायच्या ते सांगतो. इंग्रजी अहवालात विजय आहे, पदकं आहेत, जिंकलेल्या तोफांचं ब्राँझ वितळवून केलेला सहा टोकांचा ग्वाल्हेर स्टार आहे. पण तोच अहवाल हळू वाचला तर दिसतं की इंग्रज सेनापती ह्यू गफला वाटत होतं मराठे चौंद्याला आहेत, आणि ते रात्रीतून पुढे सरकून महाराजपूरला तोफा लावून बसलेले, इंग्रज फौज सरळ त्या माऱ्यात चालत गेली, जड तोफा मागेच राहिल्या होत्या. मेलेले-जखमी मिळून जवळजवळ ८००. जिंकणाऱ्याचा कागद असला तरी त्यात असं खूप काही अडकलेलं असतं, मग आपल्या बाजूचं काय ते शोधायचं: जनकोजीरावांच्या पश्चात लहान जयाजीराव गादीवर, विधवा ताराबाई, दरबारचे कारभारी दादा खासगीवाले यांच्यावरून झालेला वाद, आणि लढाईनंतर जानेवारी १८४४ च्या तहाने फौज ९,००० वर आणून ठेवली. जोडीला इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालचं काँटिंजंट, म्हणजे वेगळी फौज, पैसा शिंद्यांचा आणि हुकूम इंग्रजांचा. आणि हेच काँटिंजंट १४ जून १८५७ ला मोरारमध्ये उठलं. एका लढाईची पानं वाचता वाचता पुढची लढाई अशी आपोआप समोर येते, वेगळी शोधावी लागत नाही.

तारखा जुळल्या नाहीत तर घाबरू नका, उलट खूश व्हा. झाशीच्या राणीसाहेब कोटा की सरायजवळ पडल्या ती तारीख काही पुस्तकांत १७ जून १८५८ आहे, काहींत १८. आपण फुलबागेत समाधीवर १८ लाच जातो. दोन्ही तारखा वहीत लिहा आणि समोर लिहा कोण म्हणतंय, आणि त्याने ते कुठून घेतलंय. हे तळटिपेत असतं. तळटीप वाचायची सवय लावा, लेखक स्वतः कागद पाहून लिहितोय की दुसऱ्याचं उचलून हे तिथेच कळतं.

आकड्यांचं पण तसंच. फौज अमुक लाख असं दिसलं की विचारायचं, यात लढणारे किती आणि बुणगे किती? आपल्या फौजेबरोबर बाजार चालायचा, यात्रेकरू असायचे, बायका-मुलं असायची. पानिपतावर तर हा प्रश्न विचारल्याशिवाय एक पानही पुढे जाऊ नये. शिवाय शिलेदार म्हणजे स्वतःचं घोडं घेऊन आलेला, बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा, गारदी म्हणजे कवायती पायदळ, हे शब्द वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवा, इंग्रजी पुस्तकांत हे सगळे कधी कधी नुसते ट्रूप्स होऊन जातात. यासाठी सुरेंद्रनाथ सेन यांचं मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरचं १९२८ चं इंग्रजी पुस्तक मिळालं तर जरूर घ्या.

जुन्यांपैकी अजून तीन सांगतो, नवीन आलेल्या पुस्तकांच्या तळटिपांत हीच नावं परत परत येतील. इतिहासकार वि. का. राजवाडे यांच्या मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालिकेचा पहिला खंड, १८९८ चा, पानिपतापर्यंतची पत्रं आहेत, भाषा जड वाटते पण मोठ्याने वाचा, कानाला लगेच कळते. जदुनाथ सरकारांच्या मोगल साम्राज्याच्या ऱ्हासावरच्या चार खंडांतला तिसरा आणि चौथा, महादजींचं उत्तरेतलं राजकारण त्यात आहे. आणि गोडसे भटजींचा माझा प्रवास. हा माणूस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार हे ऐकून दक्षिणा मिळेल म्हणून कोकणातून निघाला आणि झाशीच्या वेढ्यात सापडला. सेनापतीच्या पुस्तकात तोफ किती पौंडाची ते असतं, इथे तोफगोळे पडत असताना घरात पाणी कसं आणायचं ते आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

बासष्ट, पासष्ट, एकाहत्तरची पुस्तकं घेणाऱ्यांसाठी एवढंच, रिटायर झालेल्या अधिकाऱ्याच्या आठवणी वाचताना आधी बघा की तो त्या दिवशी कुठे होता, दिल्लीत, ब्रिगेड मुख्यालयात की खंदकात. जे त्याने डोळ्यांनी पाहिलं त्यावर विश्वास ठेवा, बाकीचं दुसऱ्या पुस्तकाशी ताडून घ्या.

एक कळकळीची विनंती. मागे एका लायब्ररीतून आणलेल्या पुस्तकातला घडीचा नकाशा कुणीतरी ब्लेडने कापून नेलेला होता, तिथे फक्त कागदाची पातळ पट्टी शिल्लक, आणि पूर्ण प्रकरण त्या नकाशावर अवलंबून. घडीचा नकाशा उघडताना पुस्तक टेबलावर सपाट ठेवा, घडीच्या उलट वाकवू नका, पेनाने खूण करू नका, लागलं तर मोबाइलवर फोटो काढा. आणि परत करायच्या आधी आपला पानांच्या नंबरांचा कागद काढून घ्या, त्यावर पुस्तकाच्या पाठीवरचा नंबर पण लिहा, कारण सहा महिन्यांनी तेच पान परत लागतं आणि तेव्हा ते पुस्तक नवीन कपाटातून आत गेलेलं असतं.

मी सध्या १७८० चा किल्ल्याचा छापा घेतलाय, ३ ऑगस्टची रात्र, इंग्रज अधिकारी पॉपहॅमच्या शिपायांनी आवाज होऊ नये म्हणून कापूस भरलेले लोकरी जोडे घातले होते. वही तयार आहे, दगड सुकले की कडा बघायला जायचं आहे, कुणाला यायचं असेल तर सांगा, बटर पेपर जास्तीचा आणलाय.