व्हेर्दीची ओळख करून देताय? ‘रिगोलेत्तो’ शेवटाकडून सुरू करा

ऑपेरा कधीच न ऐकलेल्या मोठ्या माणसांपुढे एकदम दोन-अडीच तासांचं रेकॉर्डिंग लावलं, की थोड्याच वेळात खिशातले फोन बाहेर येतात. यात दोष त्यांचा नाही आणि इटालियन ऑपेरा-संगीतकार जुझेप्पे व्हेर्दीचाही (१८१३–१९०१) नाही. कथा ठाऊक नाही, भाषा इटालियन आणि कान कुठे द्यायचा ते कुणी सांगितलेलं नाही. सहा ते दहा माणसं, वाचनालयाची खोली किंवा घरचा दिवाणखाना, दीड-दीड तासाच्या तीन बैठका आणि चौथी थोडी मोठी, एवढ्यात हे काम नीट होतं. अट एकच, ऑपेरा एकच घ्यायचा.

तो ‘रिगोलेत्तो’ असावा. १८५१ साली व्हेनिसच्या ला फेनिचे नाट्यगृहात तो पहिल्यांदा झाला. तीन अंक, सुमारे दोन तासांचं संगीत, मोजकी पात्रं आणि लगेच ध्यानात राहणाऱ्या चाली. व्हेर्दीच्याच ‘आयदा’चा निम्मा थाट डोळ्यांसाठी आहे. त्याचा ‘फाल्स्टाफ’ (१८९३) थोर खराच, पण त्यातली चाल हाती लागेपर्यंत पुढे निघून गेलेली असते. नवख्यांना तो इतक्यात नको.

बैठकीआधी

कथा शेवटासकट सांगून टाका, रहस्य राखण्याच्या फंदात पडू नका. मांटुआच्या ड्यूकचा कुबडा विदूषक रिगोलेत्तो, ड्यूकने जिची अब्रू घेतली त्या मुलीच्या बापाची, मोन्तेरोनेची, भर दरबारात टर उडवतो. तो बाप शाप देतो. पुढे ड्यूक रिगोलेत्तोच्याच मुलीला, जिल्दाला, नादी लावतो. रिगोलेत्तो स्पाराफुचिले नावाच्या मारेकऱ्याला ड्यूकची सुपारी देतो, पण जिल्दा ड्यूकच्या जागी स्वतः मरण पत्करते. (मूळच्या व्हिक्टर ह्यूगोच्या नाटकात राजा होता. व्हेनिसवर तेव्हा ऑस्ट्रियाचा अंमल होता आणि सेन्सॉरला लंपट राजा चालेना, म्हणून त्याचा ड्यूक झाला.)

फ्रांचेस्को मारिया पियावेची संहिता प्रताधिकारमुक्त आहे. इटालियन आणि इंग्रजी समोरासमोर असलेली प्रत इंटरनेटवर मिळते. जे भाग वाजवणार त्यांचा मराठी सारांश प्रत्येकी अर्ध्या पानाचा करून हातात द्या. पूर्ण भाषांतर देऊ नका, माणसं मान खाली घालून वाचत बसतात आणि ऐकायचं राहतं.

फोनच्या स्पीकरवर खालचे स्वर जवळजवळ नाहीसे होतात, म्हणून बऱ्यापैकी मोठे स्पीकर हवेत. आवाज तिसऱ्या अंकातल्या वादळावर ठरवा आणि मग त्याला हात लावू नका. हळुवार जागेवर ठरवलात तर वादळात सगळे दचकतील. पंखा बंद ठेवता आला तर उत्तम.

पहिली बैठक: फक्त चौकडी

तिसऱ्या अंकातलं ‘बेल्ला फीलिया देल्लामोरे’ हे चौघांचं गाणं चार-पाच मिनिटांचं आहे. खाणावळीच्या आत ड्यूक मारेकऱ्याच्या बहिणीची, माद्दालेनाची, लाडीगोडी करतोय. बाहेर भिंतीच्या फटीतून रिगोलेत्तो ते जिल्दाला दाखवतोय. चौघं वेगवेगळे शब्द वेगवेगळ्या चालींवर एकाच वेळी गातात.

इथेच आपल्याकडचा कान अडतो. एक गायक, त्याच्यामागे तानपुरा आणि साथ, अशी सवय असलेल्याला हा आधी गोंगाट वाटतो. म्हणून गाणं पाच वेळा वाजवा. पहिल्यांदा नुसतंच. दुसऱ्यांदा फक्त ड्यूक, त्याची लांब, गुळगुळीत चाल सुरुवातीलाच येते. तिसऱ्यांदा माद्दालेनाचे छोटे, तुटक, हसरे स्वर. चौथ्यांदा जिल्दा, हुंदके दिल्यासारखी खाली घसरणारी. पाचव्यांदा सर्वांत खालचा रिगोलेत्तो. त्याला शोधायला वेळ लागतो, लागू द्या.

एक तक्रार हमखास येते: ‘आवाज इतका थरथरतो का? सूर लागत नाही का?’ या गायकांसमोर माईक नसतो, आवाज सगळ्या वाद्यवृंदावरून शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा असतो. त्या तालमीत तयार झालेल्या गळ्यात कंप असतोच. एखादा लांब स्वर थांबवून पुन्हा ऐकवा आणि कंपाचा मध्य धरायला सांगा.

दुसरी बैठक: तिसरा अंक सलग

हा जेमतेम अर्ध्या तासाचा आहे. ‘ला दोन्ना ए मोबिले’ सुरू होताच काहीजण हसतील, कारण चाल कुठेतरी ऐकलेली असते. हसू द्या. बायका चंचल असतात असं इथे गातोय कोण, तर खुद्द ड्यूक. हे गाणं अंकात तीनदा येतं: एकदा पूर्ण, एकदा झोपेत विरत जाणारं आणि तिसऱ्यांदा लांबून. आत ड्यूकचं प्रेत आहे असं समजून रिगोलेत्तो पोतं नदीत ढकलणार इतक्यात ती ओळ ऐकू येते. ड्यूक जिवंत आहे, मग पोत्यात कोण? तिथे आवाज कमी करू नका आणि मध्ये बोलूही नका.

वादळातला वारा हे वाद्य नव्हे, पडद्यामागे तोंड मिटून गुणगुणणारे पुरुष आहेत. हे आधीच सांगा, नाहीतर निसटतं.

तिसरी बैठक: मागे जा

प्रारंभीच्या वादनात ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन एकच स्वर ठोकत राहतात. तो शाप. पुढे पहिल्या अंकात रिगोलेत्तो ‘त्या म्हाताऱ्याने मला शाप दिला’ हे त्याच स्वरावर म्हणतो. दोन्ही लागोपाठ वाजवा. मग स्पाराफुचिलेची भेट: चाल चेलो आणि डबल बेस या खालच्या स्वरांच्या तंतुवाद्यांकडे, माणसं वरून नुसती व्यवहाराचं बोलतात. जाताना मारेकरी आपलं नाव घेतो आणि शेवटचा स्वर तळाशी धरून ठेवतो. दुसऱ्या अंकातलं रिगोलेत्तोचं ‘कोर्तिजानी’ही घ्या: आधी संताप, मग मोडून पडणं, शेवटी चेलोच्या साथीने याचना. जिल्दाचं ‘कारो नोमे’ वेळ उरला तर.

चौथी बैठक: पूर्ण, चित्रासह

जाँ-पिएर पोनेल यांचा १९८२ चा चित्रपट सोयीचा आहे. पावारोत्ती, इंग्वार विक्सेल आणि एडिटा ग्रुबेरोव्हा गातात, संचालन रिकार्दो शाई यांचं. इंग्रजी उपशीर्षकं लावा आणि पहिल्या अंकानंतर चहाला थांबा. दुसऱ्या आणि तिसऱ्या अंकामध्ये मात्र थांबू नका, ताण उतरतो.

पुढे कुणी मागितलं तर व्हेर्दीचाच ‘ला त्राव्हियाता’ (१८५३), तोही सरळ पहिल्या अंकापासून. मुंबईत एनसीपीएमध्ये (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराचे चित्रित प्रयोग दाखवले गेले आहेत, त्यांचं वेळापत्रक अधूनमधून पाहत राहा. त्याचा लांबलचक ‘डॉन कार्लोस’ मात्र वर्षभर तरी बाजूला ठेवा.