मुंजीची कॅसेट संपली तरी बंद करू नका: जुन्या दूरदर्शन कॉमेडीचे हरवलेले एपिसोड काढायची पद्धत

घरात कुणाच्या तरी माळ्यावर व्हीएचएस कॅसेटी पडल्यात आणि त्यावर जुन्या दूरदर्शनच्या विनोदी मालिका असतील असं वाटत असेल तर हे वाचा, आणि वाचून होईपर्यंत प्लीज एकही कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. मी घातली होती. मामाकडची, वर मार्करनं 'गणपती ८८' लिहिलेलं, खिडकीतून बघितलं तर रीळ जरा पांढरट दिसत होतं, म्हटलं धूळ असेल. धूळ कसली, बुरशी होती. दोन मिनिटं चित्र दिसलं, मग व्हीसीआरमधलं टेप वाचणारं हेड चोंदलं, मुंग्या आल्या, टेप आत गुंडाळली गेली आणि वर तीच बुरशी हेडला चिकटून पुढच्या कॅसेटलाही प्रसाद मिळाला.

आता एवढा खटाटोप कशाला, दूरदर्शनकडे असेलच की सगळं, असं वाटतं. नसतं. व्हिडिओ टेप त्या काळी महाग, त्यामुळे प्रोग्रॅम दाखवून झाला की पुसून त्याच टेपवर दुसरं रेकॉर्ड करायचं, हा प्रकार सगळीकडेच चालायचा. बीबीसीसारख्या बड्या संस्थेनं साठ-सत्तरच्या दशकात स्वतःच्या गाजलेल्या कॉमेडी अशाच पुसल्या. 'डॅड्स आर्मी'चे १९६९ च्या सीझनमधले तीन एपिसोड आजही सापडलेले नाहीत. 'स्टेप्टो अँड सन'चे १९७० चे रंगीत एपिसोड बरेचसे आज ब्लॅक अँड व्हाइटमध्येच बघायला मिळतात, कारण उरली ती लेखकांनी स्वतःसाठी करून ठेवलेली कॉपी. म्हणजे स्टुडिओतलं गेलं आणि घरातलं राहिलं! आपल्याकडे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ लोकांनी तिथेच बघितले, पण घरोघरी व्हीसीआर यायला ऐंशीचं दशक उजाडलं. त्यामुळे सत्तरच्या दशकातलं घरच्या कॅसेटवर मिळायची आशा फार धरू नका, ८४-८५ च्या पुढचं मात्र नक्की शोधा.

शोधायचं कुठे? लेबलवर अजिबात विश्वास ठेवू नका. कॅसेट महाग म्हणून लोक परत परत वापरायचे, एका ई-१८० वर तीन तास मावतात, त्यावर आधी मालिका, मग मॅच, मग शेजाऱ्याकडून मारून घेतलेली मुंजीची कॉपी. मुंज संपते सव्वा तासात. आपण काय करतो, झालं म्हणून रिवाइंड करतो. तिथेच थांबायचं नाही. मुंजीनंतर काही सेकंद मुंग्या येतात आणि मग एकदम मधूनच जुनं रेकॉर्डिंग सुरू होतं, अर्धा डायलॉग, हशा, कधी अख्खा एपिसोड. मला भिक्षावळीच्या नंतर अकरा मिनिटं मिळाली, नटानं फोन उचललेला आणि पलीकडे कोण आहे ते मागच्या भागात, जे मुंजीखाली गेलं. ते मात्र परत येत नाही हं, नवीन रेकॉर्डिंग करताना इरेज हेड जुनं साफ पुसतं, कुणी काढून देतो म्हणाला तर पैसे देऊ नका.

ऑडिओ कॅसेटीपण बघा. टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून आवाज भरून घेणारे बरेच जण होते. 'डॅड्स आर्मी'च्या हरवलेल्या तीनपैकी एकाचा नुसता आवाज सापडला आणि २०१६ मध्ये त्यावर अ‍ॅनिमेशन करून तो एपिसोड लोकांसमोर आला, त्यामुळे नुसता आवाज म्हणून फेकू नका.

कॅसेट हातात आली की पहिलं काम म्हणजे कण्यावरची, लेबलच्या बाजूची प्लास्टिकची छोटी पट्टी तोडणे. ती शाबूत असेल आणि चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर संपलं. मग टॉर्च लावून खिडकीतून रीळ बघा. कडेला पांढरे ठिपके, जाळं, भुकटी म्हणजे बुरशी, मुंबई-कोकणात दहातल्या चार-पाच तरी निघतात असा माझा अनुभव. अशी कॅसेट वेगळ्या झिपबॅगमध्ये सिलिका जेल घालून ठेवायची. उन्हात घालायची नाही, आई लगेच म्हणेल पापडांबरोबर टाक गच्चीवर, पण उन्हानं टेप आणि कव्हर दोन्ही वाकतात. बुरशी पूर्ण वाळली की मास्क लावून, घराबाहेर, एखाद्या भंगारातल्या व्हीसीआरवर मऊ कापडाचा हलका स्पर्श देत टेप या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती गुंडाळायची, प्ले नाही. हा व्हीसीआर मग फक्त याच कामाला. हात थरथरत असेल तर सरळ प्रोफेशनल माणसाकडे द्या, यात कमीपणा नाही.

कव्हर फुटलं असेल तर पाच स्क्रू काढून दोन्ही रिळं दुसऱ्या चांगल्या कव्हरमध्ये बसवता येतात, आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा कारण टेप कुठल्या रोलरवरून जाते ते उघडल्यावर आठवत नाही. टेप तुटली असेल तर जोडायला स्प्लाइसिंग टेपच वापरा, तीही मागच्या बाजूनं, सेलोटेप नको, तिचा गोंद सुटून हेडवर जातो.

हेड साफ करायचं तर व्हीसीआरचा प्लग काढून, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये साधा कागद भिजवून ड्रमला, म्हणजे हेड बसवलेल्या गोल भागाला, टेकवून धरायचा आणि ड्रम वरून हातानं हळू फिरवायचा. कागद वर-खाली करायचा नाही, हेडचा तुकडा मोडतो. कानातल्या काडीचा कापूस तर नकोच, तंतू अडकतात. सॅनिटायझर म्हणजे अल्कोहोलच ना असं विचारणारे असतात, नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं.

आता कॅप्चर, म्हणजे कॅसेटवरचं कॉम्प्युटरवर घेणं. एस-व्हीएचएसचा, म्हणजे व्हीएचएसच्या वरच्या दर्जाचा व्हीसीआर मिळाला तर सोनं, त्यात बऱ्याचदा टीबीसी (टाइम बेस करेक्टर) असतो. टेप ताणली गेलेली असते ना, त्यामुळे चित्रातली प्रत्येक ओळ थोडी मागेपुढे सुरू होते आणि दाराची चौकट पाण्यात बघितल्यासारखी हलते, टीबीसी त्या ओळी सरळ लावतो. एस-व्हिडिओ केबल वापरा, पिवळी पिन नाइलाज असेल तरच. आणि कृपा करून थेट एमपी४ करू नका! व्हर्च्युअलडब या प्रोग्रॅममध्ये हफयूव किंवा लॅगरिथ कोडेक (चित्र जराही न बिघडवता फाइल लहान करणारा), ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्ड (एक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांत) जसं आहे तसं. तासाला तीस-पस्तीस जीबी लागतात, तीन तासांची कॅसेट म्हणजे शंभर जीबी, हार्ड डिस्क घ्या, कॅसेट दुसरी मिळणार नाही. आणि हे सगळं जोडून, दुसऱ्या कुठल्या तरी फालतू कॅसेटवर टेस्ट करून, मगच खरी कॅसेट आत घालायची, रेकॉर्डिंग चालू ठेवूनच प्ले दाबायचं. 'जरा बघू काय आहे' असं प्ले करायचंच नाही, कारण मऊ पडलेली टेप कधीकधी एकदाच चालते. हौस असेल तर व्हीएचएस-डिकोड बघा, त्यात हेडवरचा आरएफ सिग्नलच सरळ कॉम्प्युटरवर घेतात आणि चित्र सॉफ्टवेअर बनवतं, शिकायला महिना जातो पण रिझल्ट वेगळाच.

ही कच्ची फाइल म्हणजे मास्टर, तिला हात लावायचा नाही. खालच्या कडेला फाटल्यासारख्या ओळी दिसतात त्या कापू नका, जाहिराती कापू नका, 'रुकावट के लिए खेद है' आलं असेल तर तेही ठेवा. जाहिरातींवरूनच तारीख लागते. आणि जो कचरा वाटतो त्यात काय दडलंय आज सांगता येत नाही. 'डॅड्स आर्मी'चा १९६९ चा एक एपिसोड रंगीत बनलेला पण उरला तो फक्त ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर, चित्रभर बारीक ठिपक्यांची जाळी असलेला. ती जाळी म्हणजे रंगाच्या सिग्नलचीच खूण होती, त्या ठिपक्यांवरून सॉफ्टवेअरनं मूळ रंग परत काढले आणि २००८ मध्ये तो एपिसोड रंगीत दाखवला गेला. कुणी हौशी माणसानं आधीच ते ठिपके 'साफ' केले असते तर?

रिस्टोरेशन नेहमी कॉपीवर. डीइंटरलेसला, म्हणजे त्या अर्ध्या चित्रांच्या पूर्ण फ्रेम करायला, क्यूटीजीएमसी हा फिल्टर वापरा आणि २५ नाही, ५० फ्रेम ठेवा, स्टुडिओत व्हिडिओवर शूट झालेल्या कॉमेडीची हालचाल तशीच होती, अर्ध्या फ्रेम टाकल्या की नटाचं ते पटकन मान वळवणं मेलं. नॉइज थोडाच कमी करा, नाहीतर चेहरे मेणाचे होतात. एआय अपस्केलिंगबद्दल माझं मत सरळ आहे, नको, ते बत्तीसच्या जागी चाळीस दात काढतं आणि मागच्या कॅलेंडरवर कुठल्याच भाषेत नसलेली अक्षरं लिहितं. त्यापेक्षा त्याच प्रक्षेपणाची दुसरी कॉपी शोधा, नाशिकच्या आत्याकडे, पुण्याच्या काकांकडे. दोन कॅसेटींवर पांढऱ्या रेघा वेगवेगळ्या जागी असतात, तीन कॉपी जुळवून मीडियन (प्रत्येक ठिपक्याची तिन्हींतली मधली किंमत) काढला तर बहुतेक रेघा आपोआप जातात.

आवाजात ५० हर्ट्झचा हम, म्हणजे विजेची गुणगुण असते, ती आणि तिच्या पटीतले सूर नॉच फिल्टरनं (ठरावीक सूरच कापणारा) काढा, बाकी हिस, म्हणजे टेपची सळसळ, राहू दे. हशा खाली करू नका, त्यावर नटांचं टायमिंग उभं असतं.

मग यूट्यूबवर टाकायचं का? थांबा. प्रक्षेपणाचा हक्क २५ वर्षांत संपतो पण फिल्म म्हणून मालिकेवरचा कॉपीराइट ६० वर्षं राहतो, म्हणजे ८६ च्या मालिकेला अजून वेळ आहे. आधी दूरदर्शनला किंवा निर्मात्यांना कळवा, मास्टरच्या दोन कॉपी दोन घरांत ठेवा, आणि मूळ कॅसेट डिजिटल झाली म्हणून फेकू नका.

मामाची 'गणपती ८८' अजून माझ्याकडे झिपबॅगमध्ये आहे. पावसाळ्यात हात लावत नाही, हवेत पाणी असतं. नोव्हेंबर लागला की भंगारवाल्याकडून आणलेला व्हीसीआर गॅलरीत काढणार. त्या दोन मिनिटांत एक माणूस सोफ्याखाली काहीतरी लपवत होता, काय ते बघायचंय.