जुन्या ड्रॅग गाडीला पेट्रोल कमी पडते? या चुका टाळा

ड्रॅग शर्यतीसाठी, म्हणजे सरळ रस्त्यावरच्या छोट्या अंतराच्या वेगाच्या शर्यतीसाठी, तयार केलेली जुनी कॉन्टेसा किंवा पद्मिनी तिसऱ्या गिअरला दम टाकू लागली, की पुण्यातल्या बहुतेक गॅरेजांत पहिला पाना कार्बोरेटरला लागतो आणि मोठे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्रे) बसवले जातात. फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या तरंगत्या फ्लोटने पातळी राखणाऱ्या पेट्रोलच्या कप्प्यात, पेट्रोलच पुरेसे पोहोचत नसेल, तर मोठ्या जेटमुळे ते अधिक लवकर रिकामे होते, एवढाच त्याचा परिणाम.

बिघाड नेमका केव्हा दिसतो, हे आधी पाहावे. गाडी सुटतानाच अडखळत असेल, तर संशय अ‍ॅक्सिलरेटर पंपावर (पेडल दाबताच जादा पेट्रोल सोडणारा कार्बोरेटरमधला छोटा पंप) किंवा चेंबरमध्ये उसळणाऱ्या पेट्रोलवर घ्यावा. होली कंपनीच्या चार बॅरलच्या (हवेचे चार मार्ग असलेल्या) कार्बोरेटरमध्ये मागच्या चेंबरचे जेट त्याच्या पुढच्या बाजूला असतात; गाडी झेप घेताना पेट्रोल मागे सरकते आणि जेट उघडे पडतात, म्हणून त्यांना नळीची जोड देऊन फ्लोटला खाच पाडतात. सुरुवात दमदार होऊन गाडी पुढे मंदावत असेल, तर मात्र दोष टाकी आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये शोधावा.

तेथे दुसरी चूक होते: गाडी उभी असताना गेजवर दाब बरोबर दिसला, की टाकीतून पेट्रोल आणणारा पंप निर्दोष ठरवला जातो. २०० अश्वशक्तीच्या इंजिनाला पूर्ण थ्रॉटलवर मिनिटाला साधारण १ लिटर पेट्रोल लागते, आणि तेवढा प्रवाह देताना दाब टिकतो का, हा खरा प्रश्न असतो. याउलट, होलीला ६-७ पीएसआय (दाबाचे एकक) चालतो म्हणून तोच पंप दाब कमी करणाऱ्या रेग्युलेटरशिवाय वेबर कंपनीच्या कार्बोरेटरला जोडला, तर सुमारे ३ पीएसआयवर चालणाऱ्या त्या कार्बोरेटरची निडल (पेट्रोल अडवणारी सुई) त्या दाबापुढे बंद राहत नाही आणि पेट्रोल ओसंडते. गरम एक्झॉस्टच्या शेजारी ही चूक आगीला निमंत्रण देणारी आहे.

हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबर फुगते, पंपाचा डायफ्रॅम (पेट्रोल ढकलणारा लवचीक पडदा) कडक होतो आणि नळीच्या आतल्या थराचे कण फिल्टरमध्ये साचतात. पुण्याच्या नाना पेठेत मीटरच्या मापाने मिळणारी साधी नळी न घेता इथेनॉलला टिकणारी नळी मागून घ्यावी. त्यात इथेनॉलमुळे मिश्रण थोडे लीन (हवेच्या मानाने इंधन कमी) होते. त्यासाठी जेट वाढवणे योग्यच आहे, पण पुरवठा तपासून झाल्यावर.

एप्रिल-मेच्या दुपारी शर्यतीच्या रांगेत उभ्या गाडीत इंजिनावरचा यांत्रिक पंप तापतो आणि लांबून ओढलेल्या पेट्रोलची नळीतच वाफ होते. इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ, खालच्या पातळीवर बसवल्यास पेट्रोल ओढावे न लागता ढकलले जाते. एवढा खर्च करण्यापूर्वी टाकीचे झाकण सैल करून गाडी एकदा पळवावी, अर्थात टाकी अर्धी ठेवून. दम टिकला, तर झाकणातले हवेचे छिद्र बुजलेले आहे.