गाडीतच रात्र काढणार असाल तर एवढं बघा

मुंबईतून कॅम्परव्हॅन घेऊन कोकणात निघालात की रात्री फुकटात थांबायला सगळ्यात बरी जागा म्हणजे हायवेवरचा मोठा ढाबा नाहीतर पेट्रोल पंप, पण आधी मालकाला विचारा, ढाबा असेल तर तिथेच जेवा आणि ट्रकवाल्यांची वाट सोडून कडेला लावा. काशीद, नागावला वाळूवर गाडी अजिबात घालू नका, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती रात्री १२-१ च्या सुमाराला येते, संध्याकाळी खडखडीत कोरडी दिसलेली जागा तेव्हा पाण्याखाली असते आणि चाकं रुतली की मग ट्रॅक्टर शोधत फिरा. गावात थांबायचं तर सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना सांगून ठेवा, सांगितलं की लोकं स्वतःहून पाणी कुठे भरायचं ते दाखवतात. खुर्च्या-टेबलं बाहेर मांडू नका. भांड्यांचं साबणाचं पाणी ओढ्यात, विहिरीजवळ सोडू नका, कॅनमध्ये साठवा. रात्री १० नंतर गाणी बंद. आणि प्लीज, एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपू नका, इंजिनच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, झोपेत कळतही नाही, त्यापेक्षा दोन बाजूच्या काचा चार बोटं खाली करून आतून मच्छरदाणीची जाळी लावा.